वयाचा आकडा किती खरा ? जनगणनेतील वय व स्त्री-पुरुष आकडेवारीची पारख

जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहतो आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाचे वय विचारतो. ‘असेल पन्नास-पंचावन्न’ असे उत्तर येते. प्रगणक ‘५०’ हा आकडा लिहितो आणि पुढील प्रश्नाकडे वळतो. कोणी खोटे बोललेले नसते, कोणी कामचुकारपणाही केलेला नसतो. तरीही एक चूक कागदावर उतरलेली असते. अशा लक्षावधी लहान चुका एकत्र आल्या म्हणजे जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि देशाच्या वयोरचनेचे चित्र वेडेवाकडे दिसू लागते. हे चित्र कितपत विश्वसनीय आहे हे कसे ओळखावे आणि त्यातील दोष कोणत्या मर्यादेपर्यंत दूर करता येतात, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला असणे अगत्याचे आहे.

जनगणना म्हणजे केवळ शिरगणती नव्हे. गावात सहा वर्षांखालील बालके किती यावर अंगणवाडीची गरज ठरते. सहा ते चौदा वर्षांची मुले किती यावर शाळेच्या खोल्या आणि शिक्षकांची संख्या अवलंबून असते. प्रजननक्षम वयातील स्त्रिया किती हे कळल्याशिवाय माता-बाल आरोग्य सेवेचे नियोजन होत नाही. वृद्धांची संख्या कळल्याशिवाय निवृत्तिवेतनाच्या तरतुदीचा अंदाज बांधता येत नाही. जन्मदर, मृत्युदर, साक्षरता, रोजगार या प्रत्येक मोजमापाच्या मुळाशी वय आणि लिंग या दोन नोंदी असतात. त्या नोंदी सदोष असतील तर त्यांवर उभारलेले सर्व हिशेबही सदोष ठरतात.

चुका कशा शिरतात

वयाच्या नोंदीतील सर्वांत परिचित दोष म्हणजे शून्य आणि पाच या अंकांची ओढ. ज्याला आपले नेमके वय ठाऊक नाही, तो तीस, पस्तीस, चाळीस असे सोयीचे आकडे सांगतो. परिणामी ३० वर्षांच्या व्यक्ती भरपूर, तर २९ आणि ३१ वर्षांच्या थोड्या, असे विचित्र दृश्य तक्त्यात दिसते. प्रत्यक्षात एकाच वर्षी भरमसाट जन्म होऊन मागच्या-पुढच्या वर्षी पाळणे रिकामे राहतात, असे घडत नाही.

दुसरा दोष चालू आणि पूर्ण वर्षांच्या घोटाळ्याचा. मराठी बोलण्यात ‘तिला अठरावे लागले’ असे सहज म्हटले जाते. याचा अर्थ सतरा वर्षे पूर्ण झाली आणि अठरावे चालू आहे. जनगणनेला मात्र पूर्ण झालेली वर्षे हवी असतात. प्रगणकाने ‘अठरा’ लिहिले की एक वर्ष वाढले. एक वर्षाखालील बालकाच्या बाबतीत तर ‘पहिले वर्ष चालू’ म्हणून ‘१’ लिहिले जाते. वास्तविक तेथे ‘०’ हीच योग्य नोंद होय.

तिसरा दोष वय मुद्दाम वा नकळत सरकवण्याचा. वृद्ध माणसे वय वाढवून सांगतात, कारण वयाबरोबर मान वाढतो. मुलीच्या विवाहाचे किमान वय १९७८ च्या दुरुस्तीने १८ वर्षे झाले. तेव्हापासून लवकर लग्न झालेल्या मुलीचे वय अठरा वा त्याहून अधिक सांगण्याचा मोह घरच्यांना होतो. हा आकडा तक्त्यात गेला म्हणजे बालविवाहाची खरी व्याप्ती झाकली जाते. उलट, अविवाहित मुलीचे वय कमी करून सांगण्याचीही प्रवृत्ती आढळते.

चौथा दोष शाळेच्या दप्तरातून येतो. महाराष्ट्रात असंख्य दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख दिसते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. जन्माची नोंद नसलेले मूल पालकाने शाळेत आणले की गुरुजी त्याच्या चणीवरून वर्षाचा अंदाज करीत आणि १ जून ही तारीख टाकीत. मुलाला शाळेत घेता यावे या सद्हेतूनेच हे घडले. पण जानेवारी १९९० मध्ये जन्मलेल्या मुलाची तारीख १ जून १९९० अशी लागली असेल, तर १ मार्च २०११ रोजी त्याची २१ वर्षे पूर्ण झालेली असूनही कागदावरून ती २० भरतात. शिवाय वर्षच अंदाजाने लिहिले असेल तर फरक याहून मोठा होतो. दाखला दिसला म्हणजे वय नक्की झाले, असे म्हणूनच मानता येत नाही.

वयाबरोबरच मोजणीतून माणूस सुटण्याचाही दोष असतो. ज्या बाळाचे अजून बारसे झालेले नाही, त्याचे नाव घरच्यांच्या ओठावर येत नाही आणि त्याची नोंद राहून जाते. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक सासरी मोजली जात नाही आणि माहेरीही ‘ती आमच्याकडची नव्हे’ म्हणून वगळली जाते. कधी याच्या उलट ती दोन्हीकडे मोजली जाते. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हा ऊसतोडणीचा हंगाम. बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे अशा वेळी कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर असतात आणि त्यांची लेकरेही त्यांच्याबरोबर असतात. अशा वस्त्यांपर्यंत प्रगणक पोचला नाही, तर सर्वांत दुबळ्या घटकाचीच मोजणी अपुरी राहण्याचा धोका असतो.

लिंगाच्या रकान्यासंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०११ मध्ये पुरुष आणि स्त्री यांखेरीज ‘इतर’ हा तिसरा संकेतांक देण्यात आला होता. तथापि, मूळ तक्त्यांत ही संख्या पुरुषांच्या संख्येत समाविष्ट करण्यात आली. लहान क्षेत्राचे स्त्री-पुरुष प्रमाण काढताना या गोष्टीचे भान ठेवणे आवश्यक आहे.

दोष ओळखण्याच्या कसोट्या

भारतात हा प्रश्न नवा नाही. १८७२ ची पहिली गणना सर्वत्र एकाच वेळी झालेली नव्हती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी गणना होऊ लागली. तेव्हापासूनच आयुर्मानाचे तक्ते तयार करणाऱ्या विमागणितज्ञांना वयाचे आकडे जसेच्या तसे वापरता आले नाहीत. सुरुवातीला जी. एफ. हार्डी, १९११ च्या गणनेसाठी टी. जी. ॲकलंड, १९३१ साठी एल. एस. वैद्यनाथन यांनी आधी वयाचे आकडे सावरले आणि मगच तक्ते केले.

अंकांची ओढ मोजण्याची सर्वांत सोपी कसोटी अमेरिकेतील आरोग्य-अभियंते जॉर्ज चँडलर व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. २३ ते ६२ या वयांतील सर्व व्यक्ती घ्यावयाच्या. त्यांपैकी ज्यांचे वय शून्य किंवा पाच या अंकाने संपते त्यांची संख्या मोजावयाची. ओढ नसेल तर अशा व्यक्ती एकूण संख्येच्या सुमारे एक-पंचमांश भरतील. म्हणून त्यांच्या संख्येला पाचाने गुणून एकूण संख्येने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात २३ ते ६२ वयाच्या ८०० व्यक्ती नोंदल्या गेल्या. ओढ नसती तर २५, ३०, ३५ पासून ६० पर्यंतच्या आठ वयांवर मिळून सुमारे १६० व्यक्ती असावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या २७२ आढळल्या. २७२ गुणिले ५ म्हणजे १,३६०. त्याला ८०० ने भागून शंभराने गुणले की १७० हा निर्देशांक येतो. हा निर्देशांक १०५ च्या आत असेल तर नोंद अत्यंत बिनचूक, १०५ ते ११० असेल तर बऱ्यापैकी बिनचूक, ११० ते १२५ असेल तर अदमासे, १२५ ते १७५ असेल तर ढोबळ आणि १७५ च्या वर असेल तर अत्यंत ढोबळ समजतात. सर्वांनीच शून्य वा पाच सांगितले तर तो ५०० होतो. या गावाची नोंद ‘ढोबळ’ या वर्गात, तीही वरच्या टोकाला, मोडते. हा हिशेब करण्यास पाटी-पेन्सिल पुरेशी आहे. शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थीही तो करू शकतील.

व्हिपलची कसोटी केवळ शून्य व पाच यांपुरती आहे. विमागणितज्ञ रॉबर्ट मायर्स यांनी १९४० मध्ये मांडलेली रीत शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंकाकडे लोकांचा किती कल आहे आणि कोणता अंक टाळला जातो, हे दाखविते.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ञांनी सुचविलेली संयुक्त कसोटी पाच-पाच वर्षांच्या वयोगटांवर आधारलेली आहे. एका वयोगटाची संख्या तिच्या आजूबाजूच्या दोन गटांच्या सरासरीशी ताडून पाहतात. तसेच एका गटातून पुढच्या गटात जाताना स्त्री-पुरुष प्रमाण किती उड्या मारते हे पाहतात. दुसऱ्या अंगाला तिप्पट महत्त्व देऊन स्त्रिया व पुरुष यांचे गुण एकत्र केले की एक अंक मिळतो. तो २० च्या आत असेल तर आकडेवारी बिनचूक, २० ते ४० असेल तर सदोष आणि ४० च्या वर असेल तर अत्यंत सदोष मानतात.

मोजणीतून किती माणसे सुटली हे मात्र तक्ते पाहून पुरेसे कळत नाही. त्यासाठी गणनेनंतर निवडक गटांत स्वतंत्र कर्मचाऱ्यांकडून पुन्हा गणना करून दोन्ही याद्या नावनिशीवार पडताळतात. २०११ नंतरच्या अशा पडताळणीत देशात दर हजारी सुमारे २३ व्यक्ती निव्वळ सुटल्याचे आढळले; २००१ चे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. या पडताळणीमुळे जनगणनेचे प्रसिद्ध आकडे बदलले जात नाहीत. आकडे वापरणाऱ्याला त्यांची मर्यादा कळावी हा तिचा उद्देश असतो. २०११ मध्ये देशातील सुमारे ४५ लक्ष व्यक्तींचे वय नोंदलेलेच नव्हते, हेही येथे नमूद करावयास हवे.

प्रत्येक विषमता म्हणजे चूक नव्हे

या कसोट्या वापरताना एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. तक्त्यातील प्रत्येक चढउतार दोषामुळेच आलेला असतो, असे नाही.

२०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. त्याच वेळी मुंबई शहर जिल्ह्यात हे प्रमाण ८३२ आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात ८६० होते. निव्वळ कसोटी लावणाऱ्याला हे आकडे संशयास्पद वाटतील. कोकणातील माणसाला मात्र त्यांचे कारण सांगावे लागत नाही. कर्ता पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला नोकरीस जातो आणि घर-शेती स्त्रिया सांभाळतात. येथे विषमता आहे, पण चूक नाही.

याहून गंभीर उदाहरण बालकांचे आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ही संख्या ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. देशात याच तीन गणनांत हे प्रमाण ९४५, ९२७ व ९१९ असे उतरत गेले. निसर्गतः मुलगे थोडे अधिक जन्मतात. दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली हे जन्माच्या वेळचे सर्वसाधारण प्रमाण होय. त्याहून खाली गेलेला आकडा पाहून दोन शक्यता संभवतात. मुली घरात आहेत, पण प्रगणकाला सांगितल्या गेल्या नाहीत. किंवा मुली जन्मालाच आल्या नाहीत, अथवा जन्मून जगल्या नाहीत. पहिली शक्यता हा मोजणीचा दोष आहे. दुसरी हा समाजाचा दोष आहे.

या दोहोंत भेद करण्याचा मार्ग म्हणजे तीच पिढी पुढील गणनेत पुन्हा शोधणे. २००१ मध्ये सहा वर्षांपर्यंतची असलेली मुले २०११ मध्ये १० ते १६ वर्षांची झाली. केवळ नोंदीतून सुटलेल्या मुली मोठ्या झाल्यावर शाळेत, शेतात, चुलीपाशी दिसू लागतात आणि पुढच्या गणनेत प्रमाण सावरते. ते सावरले नाही, तर मुली मुळातच नव्हत्या असा निष्कर्ष निघतो. स्थलांतराचा परिणाम अर्थातच वेगळा काढावा लागतो. दुसरी साक्ष जन्मनोंदींची. देशव्यापी नमुना नोंदणी पद्धतीतही जन्माच्या वेळचे मुलींचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणाच्या पुष्कळ खाली आढळले आहे. तेव्हा ही घट केवळ मोजणीतील त्रुटी म्हणून बाजूला सारता येत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला, तो याच वास्तवाची दखल घेऊन. आकडे ‘गुळगुळीत’ करण्याच्या भरात हा खड्डा कोणी बुजवून टाकला, तर ती दुरुस्ती न ठरता सत्याचा लोप ठरेल.

दुरुस्ती आणि तिची मर्यादा

ज्या चुका निश्चितपणे अंकांच्या ओढीमुळे झाल्या आहेत त्या कमी करण्याचे अनेक मार्ग आहेत. एकेका वर्षाचे आकडे न वापरता पाच वा दहा वर्षांचे गट वापरणे हा सर्वांत साधा मार्ग. त्यानेही भागत नसेल तर शेजारच्या गटांच्या आधारे आकडे सावरतात. संयुक्त राष्ट्रांच्या एका सूत्रात मधल्या गटाला १० ने आणि त्याच्या लगतच्या दोन गटांना ४ ने गुणतात. त्या बेरजेतून दोन्ही बाजूंचे पलीकडील गट वजा करतात आणि आलेल्या संख्येला १६ ने भागतात.

समजा, एका तालुक्यात २० ते २४ वयाच्या ९,०००, २५ ते २९ च्या ७,०००, ३० ते ३४ च्या ८,५००, ३५ ते ३९ च्या ५,५०० आणि ४० ते ४४ च्या ६,००० व्यक्ती नोंदल्या गेल्या. ‘तीस’ या वयाच्या ओढीने ३० ते ३४ चा गट फुगला आहे, हे उघड दिसते. मधल्या गटाचे ८५,०००, लगतच्या गटांचे २८,००० व २२,००० मिळून १,३५,००० होतात; त्यातून ९,००० व ६,००० वजा जाता १,२०,००० उरतात आणि १६ ने भागल्यावर ७,५०० हा सावरलेला आकडा मिळतो.

परंतु ही दुरुस्ती कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे ओळखणे तितकेच आवश्यक आहे. तालुका, जिल्हा, राज्य अशा मोठ्या समूहात अधिक-उणे चुका परस्परांना काही अंशी छेदतात आणि सूत्राला आधार मिळतो. आठशे-हजार वस्तीच्या गावात तसे होत नाही. एका वयोगटात चाळीस माणसे असतील तेथे दहा माणसे इकडची तिकडे झाली, तर कोणतेही सूत्र ती योग्य जागी परत आणू शकत नाही. सूत्राने आकडा सावरतो, पण कोणत्या घरातील कोणत्या मुलीचे वय चुकले हे सूत्राला कळत नाही. आणि अंगणवाडी, शाळा व निवृत्तिवेतन हे विषय तर गावाच्या पातळीवरचेच असतात. म्हणजे जेथे अचूक आकड्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच नंतरची दुरुस्ती सर्वांत दुबळी ठरते. यावर एकच उपाय उरतो. तो म्हणजे प्रश्न विचारतेवेळीच नोंद अचूक घेणे.

दारातील दक्षता

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ ठरविण्यात आला. कोविड साथीमुळे २०२१ ची गणना होऊ न शकल्याने दोन गणनांमधील अंतर सोळा वर्षांचे झाले. कागदी अनुसूचीऐवजी भ्रमणध्वनीवर माहिती भरण्याची आणि नागरिकांनी स्वतः माहिती भरण्याची सोय ही या गणनेची वैशिष्ट्ये आहेत. जन्मतारखेवरून पूर्ण वर्षे काढण्याचे काम यंत्र बिनचूक करू शकते. परंतु तारीखच अंदाजाने सांगितलेली असेल, तर यंत्र त्या अंदाजाचा हिशेब तेवढा बिनचूक करील.

म्हणून काही पथ्ये पाळणे हितावह ठरते. ‘वय किती ?’ एवढाच प्रश्न न विचारता ‘किती वर्षे पूर्ण झाली ?’ असे विचारावे. जन्माचा दाखला असल्यास तो प्रथम पाहावा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असला तरी जुन्या पिढीतील अनेकांची नोंद नाही, हे ध्यानात ठेवावे. १ जून ही तारीख दिसल्यास आणखी एक प्रश्न विचारण्यास हरकत नाही. एका घरातील सर्वांची वये एकमेकांशी ताडून पाहावीत. आई तीस वर्षांची आणि थोरला मुलगा वीस वर्षांचा अशी नोंद झाली असेल तर दोहोंपैकी एक वय चुकले आहे, हे सहज लक्षात येते.

ज्यांना जन्मसाल ठाऊक नाही, त्यांच्यासाठी स्थानिक घटनांची सनावळी फार उपयोगी पडते. मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, १९६० मधील राज्याची स्थापना, पुण्यात जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या घटना त्या त्या भागात कोणी विसरलेले नाही. ‘दुष्काळाच्या साली खडी फोडायला गेले तेव्हा थोरली कडेवर होती’ असे एखादी आजी सांगते, तेव्हा त्या थोरलीचे वय पाच-दहा वर्षांच्या अंदाजातून निघून एक-दोन वर्षांच्या मर्यादेत येते. गावाची विहीर कधी झाली, शाळेची इमारत कधी उभी राहिली, वीज कधी आली, याची अशी सनावळी ग्रामपंचायत आणि शिक्षक यांनी मिळून अगोदर तयार ठेवली, तर प्रगणकाचे निम्मे काम हलके होईल.

लोकांच्या मनातील भीती दूर करणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सांगितलेल्या वयामुळे खटला होईल वा निवृत्तिवेतन बंद पडेल या शंकेने खरे वय दडविले जाते. जनगणना अधिनियम १९४८ नुसार व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात. त्या कोणाला पाहावयास मिळत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ही गोष्ट ग्रामसभेत, सरपंच वा मुख्याध्यापकांच्या तोंडून सांगितली गेली, तर तिचे वजन निश्चितच अधिक असते.

शेवटी, घरातील माणसांची यादी पूर्ण झाली असे वाटल्यावर एक प्रश्न पुन्हा विचारावा : ‘घरात तान्हे बाळ आहे का ? बारसे न झालेले ? कोणी लेकीसुना बाळंतपणाला आल्या आहेत का ? कोणी तोडणीला गेले आहे का ?’ २०११ मध्ये हजार मुलग्यांमागे ८९४ या प्रमाणात मोजली गेलेली महाराष्ट्रातील बालके १ मार्च २०२७ रोजी १६ ते २२ वर्षांची असतील. त्यांपैकी किती मुली त्या वेळी मोजणीतून सुटल्या होत्या आणि किती मुळातच जन्मल्या नव्हत्या, याचे उत्तर या वयाच्या नोंदी चोख झाल्या तरच मिळू शकेल. सतरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या नावापुढे ‘१७’ लिहिले गेले, तर तिच्यासारख्या किती जणी आहेत हे शासनाला आणि समाजाला कळेल. ‘१८’ लिहिले गेले, तर ते कोणत्याही सूत्राने पुन्हा शोधून काढता येणार नाही.